उभा व्रण

सर्जनबाईंचा एक नियम होता आणि त्या नियमाचा त्यांना अभिमान होता. पेशंटला जे विचारायचं ते नातेवाइकांसमोर विचारायचं, आणि पोटातून जे काढायचं ते नातेवाइकांना दाखवायचं. पडद्याआड कुजबुज नाही, दाराआड खलबतं नाहीत. पित्ताशय काढलं की खड्यांची वाटी घेऊन त्या स्वतः बाहेर येत आणि म्हणत, "हे बघा, मोजून घ्या." एखादा धडधाकट जावई ते बघून भिंतीला टेकायचा, पण मनात संशय घेऊन कोणी घरी जायचं नाही. नर्सेसनी त्यांचं नाव ‘खिडकी’ ठेवलं होतं. सर्जनबाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

नियम चांगलाच होता. पण आपल्या वाईट सवयी आपण अधूनमधून तपासून तरी बघतो, चांगल्या सवयींकडे कोण वळून बघतो?

त्या संध्याकाळी गणिताच्या टीचर पोट धरून आल्या तेव्हाही सगळं नियमाप्रमाणेच झालं.

टीचर म्हणजे अर्ध्या शहराला पाढे शिकवलेली बाई. चुकलेलं उत्तर त्यांच्यानं बघवत नसे. वाण्याच्या बिलातली बेरीज असो की लग्नपत्रिकेतला वार, चूक दिसली की पर्समधून लाल पेन निघालंच. वॉर्डातली नर्स त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. नाकातून पोटात नळी घालताना तिचा हात इतका थरथरत होता की टीचरनीच ओकाऱ्यांमधून वेळ काढून तिला धीर दिला.

"घाल गं. इथे काही हातचा धरायचा नाहीये."

त्यांचा नवरा चष्मेवाला होता. बाजारात छोटंसं दुकान, आणि समोरच्या माणसाचा चेहरा बघायच्या आधी त्याच्या नाकावरची फ्रेम बघायची खोड. गोड माणूस, बोलका. बायकोची प्रत्येक गोष्ट आपल्याला पाठ आहे असा त्याचा तोरा होता. तिला चहात साखर किती लागते, कुठल्या कुशीवर झोप लागते, कुठलं औषध सोसत नाही, हे सगळं नर्सनं विचारायच्या आधीच तो सांगून मोकळा झाला होता.

सर्जनबाईंनी टीचरचं पोट तपासलं. फुगलेलं, ताणलेलं. कळ लाटेसारखी यायची, टीचर दात आवळायच्या, मग कळ ओसरायची. दोन दिवस ना वारा सरला होता ना शौचाला झालं होतं. एक्स-रेमध्ये आतड्यात पाण्याच्या पायऱ्या दिसत होत्या. आतड्याचा रस्ता कुठेतरी बंद झाला होता, यात शंका नव्हती. प्रश्न होता तो कशानं.

नाभीच्या खाली उजव्या बाजूला एक जुना व्रण होता. उभा, वितीहून थोडा लहान, पांढरा पडलेला.

"हे कसलं ऑपरेशन?" सर्जनबाईंनी टीचरना विचारलं.

"अपेंडिक्स," चष्मेवाल्यानं उत्तर दिलं. पलंगाच्या उशाशीच उभा होता तो. "लग्नाच्या आधीच काढलंय."

टीचरनी डोळे मिटून घेतले. कळ आली असेल, असं सर्जनबाईंना वाटलं.

अपेंडिक्सची चीर सहसा आखूड आणि तिरकी असते, उभी नसते. हे सर्जनबाईंच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण शिकलेल्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं, हाच त्याचा घात. जुन्या काळी खात्री नसली की सर्जन उभीच चीर घेत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि पुढे गेल्या.

"पूर्वी कधी पोट उघडलं असेल ना, तर आतून आतडी एकमेकांना चिकटतात," त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या. "मग कधीतरी मुरड पडते आणि रस्ता बंद होतो. घाबरू नका. तोंडानं काही द्यायचं नाही, सलाइन लावायचं, नळीनं पोट रिकामं ठेवायचं. बहुतेक वेळा आपोआप सुटतं."

चष्मेवाल्यानं मान डोलावली. त्याची नजर सर्जनबाईंच्या कानाजवळ खिळली होती.

"डॉक्टर, तुमच्या चष्म्याचा उजवा स्क्रू ढिला आहे. घसरतो ना सारखा? माझ्याकडे द्या, एका मिनिटाचं काम आहे."

"आधी तुमच्या बायकोचं पोट, मग माझा चष्मा," सर्जनबाई हसून म्हणाल्या.

पण पोट काही सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला सर्जनबाई पलंगाशी आल्या आणि टीचरचा चेहरा बघताच त्यांनी आधी नाडी धरली. आता कळ येत-जात नव्हती, आली ती मुक्कामालाच आली होती. नाडी वाढली होती. उजव्या बाजूला हात लावला तर टीचरनी त्यांचं मनगट धरलं. कण्हणं नाही, ओरडणं नाही, नुसतं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"लगेच सी. टी. करू," सर्जनबाई म्हणाल्या.

सी. टी. बघणारे डॉक्टर म्हणजे सर्जनबाईंचे कॉलेजपासूनचे मित्र. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसायचं काम, म्हणून त्यांचं नाव ‘घुबड’. आणि नाव ठेवलं होतं खुद्द सर्जनबाईंनीच.

"ये," घुबड पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "चिकटलेली आतडी, उजवीकडे खाली अडथळा. लिहिलं, संपलं."

सर्जनबाई वाकून बघत राहिल्या. फुगलेल्या आतड्यांच्या करड्या गुंडाळ्या, आणि त्यांच्या मधोमध एक जाडसर, वाकडी नळी.

"आणि हे काय आहे?"

"हां. ते मलाही कोडंच आहे. एक टोक बंद, दुसरं टोक मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला. आधीचं ऑपरेशन म्हणून तू अपेंडिक्स लिहून पाठवलं नसतंस, तर मी डोळे झाकून ह्याला अपेंडिक्स म्हटलं असतं."

"डोळे उघडे ठेवून म्हण की."

"अगं, काढलंय ना ते! काढलेलं अपेंडिक्स परत उगवत नाही. केस आहेत का ते?"

"काढताना तुकडा मागे राहिला असेल तर?"

"एवढा तुकडा मागे ठेवणारा सर्जन असेल तर त्याचा सत्कार करू आपण. पण काढलंय असं म्हणालं कोण?"

"नवरा म्हणाला."

"आणि ती?"

सर्जनबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. ती काय म्हणाली होती? आठवून बघितलं तर काहीच नाही. तिनं फक्त डोळे मिटले होते.

कालपासून सगळ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवला होता. नवऱ्याच्या शब्दावर सर्जननं, सर्जनच्या कागदावर घुबडानं. आणि ज्या पोटात हे चाललं होतं ते पोट बिचारं गप्प होतं. ह्यालाच काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात.

"हे बघ," घुबड आता सरसावून बसले. पडद्यावर बोट ठेवून ती नळी कुठून कुठे जाते ते दाखवू लागले. "इथून निघालं, आतड्याच्या मागून गेलं, वळून पुढे आलं आणि शेंडा इथे चिकटला. मधे आतडं अडकलंय. मी पुस्तकात वाचलंय, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघतोय. चिकटलेलं असतं तर संध्याकाळपर्यंत वाट बघ म्हटलं असतं. पण हे खरंच अपेंडिक्स असेल तर ही मुरड नाही गं. हा फास आहे."

फास वाट बघून सुटत नाही, आवळतच जातो, हे सर्जनबाईंना कोणी सांगायला नको होतं. अडकलेल्या आतड्याचं रक्त तुटलं की ते मरतं, आणि मेलेलं आतडं माणसाला सोबत घेऊन जातं. त्या जवळजवळ धावतच वॉर्डात आल्या.

चष्मेवाला पलंगाशी होता. ओल्या रुमालानं बायकोचे ओठ टिपत होता.

"जरा बाहेर थांबता का?" सर्जनबाई म्हणाल्या.

"बाहेर?" त्याला आधी कळेचना. "मी? पण तुम्ही तर सगळं नातेवाइकांसमोरच..."

"जरा थांबा."

तो मागे बघत बघत बाहेर गेला. सर्जनबाईंनी स्वतःच्या हातानं पडदा ओढला. ह्या वॉर्डात इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी ओढला नव्हता. कड्या गंजून अडकत होत्या.

"टीचर, हा व्रण कशाचा?"

"अपेंडिक्सचा." नाकातल्या नळीमुळे आवाज चिरका येत होता.

"तुमचं अपेंडिक्स मी आत्ता बघून आले. जागच्या जागी आहे, आणि त्यानं तुमच्या आतड्याला वेढा घातलाय. काय काढलं होतं तेव्हा?"

टीचर छताकडे बघत राहिल्या. एकेक क्षण जात होता आणि आत आतडं काळं पडत होतं. पण हे उत्तर ओढून काढता येण्यासारखं नव्हतं.

"ते बाहेर आहेत ना?" टीचरनी विचारलं.

"पडद्याच्या नाही, दाराच्या बाहेर आहेत."

"उजवा अंडाशय." टीचरनी एका दमात सांगून टाकलं. "मोठी गाठ झाली होती. कॉलेजात होते मी. आई म्हणाली, असली पोरगी कोण करून घेईल? कोणी विचारलं तर अपेंडिक्स सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग लग्न झालं. आणि आम्हाला मूल झालं नाही."

सर्जनबाईंनी त्यांचा हात धरला.

"सासूबाई मला बोलायच्या. तर एक दिवस हे सगळ्यांसमोर म्हणाले, तिला काही बोलू नका, दोष माझ्यात आहे. तपासणी नाही, काही नाही, नुसतंच म्हणाले. मला कोणी बोलू नये म्हणून. आणि मी... मी बोलू दिलं, डॉक्टर. सगळ्या नातेवाइकांत तीस वर्षं त्यांनी ते डोक्यावर घेऊन मान खाली घातली आणि मी समोर बसून बघत राहिले."

"अहो, पण एका अंडाशयावरही मुलं होतात," सर्जनबाईंच्या तोंडून निघून गेलं. "दुसरा होता ना? तो पुरतो. मूल न व्हायला हे कारण असेलच असं मुळीच नाही."

टीचर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. डोळ्यांतून पाणी येऊन कानात जात होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"हे मला कोणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं ना."

बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. टीचरनी सर्जनबाईंची बाही पकडली.

"त्यांना सांगू नका. आणि दाखवूही नका. तुम्ही दाखवता म्हणे सगळ्यांना. शप्पथ घ्या."

सर्जनबाईंनी शब्द दिला. दुसरं काय करणार? पेशंटचं गुपित पेशंटचंच असतं.

बाहेर चष्मेवाल्यानं ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही केली ती न वाचताच. "वाचेल ना?" एवढंच त्यानं विचारलं.

ऑपरेशन टेबलावर भूल चढली आणि सर्जनबाईंनी मधोमध चीर घेतली. पोट उघडताच फुगलेली आतडी उसळून वर आली. काही लालसर, आणि उजवीकडे खोलवर एक गुंडाळी पिकल्या जांभळासारखी. समोर उभ्या असलेल्या थिएटरच्या सिस्टरनं नुसता श्वास ओढून घेतला. वीस वर्षं सर्जनबाईंसमोर उभी राहिलेली ती बाई, तिला रंगाचा अर्थ सांगावा लागत नव्हता.

सर्जनबाईंनी हात आत घातला आणि डोळ्यांऐवजी बोटांनी बघायला सुरुवात केली. फुगलेलं आतडं, फुगलेलं आतडं, आणि मग बोटाला तो लागला. ताठ, गोल, करंगळीएवढा जाड पट्टा. आतड्याच्या गळ्याशी इतका घट्ट बसलेला की खाली बोटाचं टोकही शिरेना.

"पट्टा सापडला ना मॅडम?" सिस्टरनं सवयीनं कापायची कात्री पुढे केली. असे पट्टे दोघींनी मिळून कितीतरी कापले होते. आतडी चिकटली की असे दोरे तयार होतात, कात्री लावायची, खट् आवाज, आतडं मोकळं, काम झालं.

"कात्री नको!" सर्जनबाईंचा आवाज इतका चढला की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मान वर केली. "हा दोरा नाही. आतून पोकळ आहे आणि पूनं भरलाय. कापला तर सगळा पू पोटात."

काल रात्रीच्या समजुतीवर पोट उघडलं असतं तर ह्याच हातानं कात्री लावली असती. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. बाजूच्या नर्सनं तो मागून वर सरकवला, आणि पुढच्याच क्षणी तो पुन्हा खाली आला. चष्मेवाला बरोबर बोलला होता, स्क्रू ढिलाच होता.

त्यांनी पट्ट्याचं मूळ शोधलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, जिथे अपेंडिक्स असायला हवं तिथेच ते होतं. तिथून ते मागून फिरून पुढे आलं होतं आणि त्याचा सुजलेला शेंडा आतड्याच्या पदराला चिकटून बसला होता. कुंपणानंच शेत खावं तसं आतड्याच्या शेपटानं आतड्याचाच गळा धरला होता. सर्जनबाईंनी आधी भोवती ओल्या घड्या लावून घेतल्या. मग बोटाच्या टोकानं, कणाकणानं, तो शेंडा सोडवायला घेतला. जोर केला तर फुटणार, जोर नाही केला तर सुटणार नाही. थिएटरमध्ये मशीनच्या टिकटिकीशिवाय आवाज नव्हता, आणि ती टिकटिक हळूहळू भरभर होत होती.

"नाडी वाढतेय," भूलवाले डॉक्टर म्हणाले. "लवकर आटप."

"आटपतेय."

शेंडा सुटला. फास उलगडला. सर्जनबाईंनी मुळाशी गाठ मारली, रक्तवाहिनी बांधली आणि ते अख्खं अपेंडिक्स, न फुटलेलं, उचलून ताटात ठेवलं. पण कोणी सुटकेचा श्वास सोडला नाही. सगळे त्या जांभळ्या गुंडाळीकडे बघत होते. ती मेली असेल तर कापून जोडावी लागणार होती, आणि टीचरची नाडी बघता त्यात काय होईल ते कोणी बोलत नव्हतं.

"गरम सलाइनच्या घड्या," सर्जनबाई म्हणाल्या.

आतडं गरम घड्यांत गुंडाळून दोघी नुसत्या उभ्या राहिल्या. सर्जनला सगळ्यात अवघड जातं ते हे, हात थांबवून वाट बघणं. पुष्कळ वेळानं सर्जनबाईंनी घडी उचलली. जांभळंच होतं. पुन्हा गुंडाळलं. पुन्हा उचललं. कडेला कुठेतरी लाली आल्यासारखी वाटली, पण इच्छेचे डोळे खोटं दाखवतात, म्हणून त्यांनी सिस्टरकडे बघितलं.

"आलीय मॅडम," सिस्टर म्हणाली. "खरंच आलीय."

लाली कडेकडेनं पसरत गेली. मग त्या निपचित पडलेल्या आतड्यावरून एक बारीक लाट सरकली, तशी सर्जनबाईंना रडूच आलं. मास्कमुळे कोणाला दिसलं नाही. जिथे फास आवळला होता तिथे एक पांढरा वळ राहिला होता, त्यावर त्यांनी टाके घालून घेतले. पोट मिटण्याआधी त्यांनी खाली डाव्या बाजूला बघितलं. दुसरा अंडाशय जागेवर होता, वयाप्रमाणे आक्रसलेला, बाकी अगदी निरोगी.

त्या हात धुऊन दाराशी आल्या तेव्हा सिस्टर सवयीनं ताट घेऊन पाठोपाठ आलीच.

"नातेवाइकांना दाखवायचंय ना?"

"आज नाही."

सिस्टर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सूर्य पश्चिमेला उगवला म्हटलं असतं तरी तिला इतकं नवल वाटलं नसतं.

चष्मेवाला दाराशीच उभा होता.

"ऑपरेशन चांगलं झालं. आतड्याभोवती एक पट्टा आवळला होता, तो सोडवला. आतडं वाचलं. उद्यापर्यंत बाहेरच्या खोलीत आणू त्यांना."

त्याचे डोळे सर्जनबाईंच्या रिकाम्या हातांवर होते.

"तो पट्टा... दाखवत नाही?"

"तपासणीला पाठवलाय."

"काल त्या पलीकडच्या आजोबांच्या मुलाला तुम्ही खडे दाखवलेत," तो हळू म्हणाला. "मघाशी मला बाहेर काढलंत. आता दाखवत नाही. डॉक्टर, कॅन्सर आहे का?"

"नाही हो! मुळीच नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि विश्वास न बसलेल्या माणसासारखा जाऊन बाकावर बसला.

सर्जनबाईंना स्वतःचाच राग आला. आयुष्यभर सगळं उघड करणाऱ्या माणसानं एकदा मूठ झाकली की लोकांना त्यात निखाराच दिसतो. खरं सांगितलं तर शब्द मोडतो, नाही सांगितलं तर ह्या माणसाचा जीव जातो. इकडे आड तिकडे विहीर. आणि खड्डा खणला होता कोणी? त्यांच्याच त्या लाडक्या नियमानं. नवऱ्याला उशाशी उभं करून बायकोला व्रणाबद्दल विचारायचं म्हणजे तिला खोटं बोलायला लावायचं, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

टीचर सुधारत गेल्या. वारा सरला, नळी निघाली, घोट घोट पाणी सुरू झालं. चष्मेवाला मात्र वाळत चालला. दुकान बंद. बोलणं बंद. बायकोचे पाय चेपत बसायचा आणि तिनं बघितलं की हसायचा. तपासणीचा रिपोर्ट चांगला आल्याचं सर्जनबाईंनी त्याला मुद्दाम सांगितलं, तर त्यानं नम्रपणे हात जोडले. पेशंटच्या नातेवाइकांशी असंच बोलतात, हे आपल्याला कळतं, असं त्या हात जोडण्यात होतं.

एका दुपारी तो औषधं आणायला गेला असताना टीचरनी सर्जनबाईंना थांबवलं.

"ह्यांना काय झालंय? काल मी म्हटलं सात आठे चौपन्न, मुद्दामच. तर म्हणाले, हो, बरोबर आहे. चक्क हो म्हणाले! एरवी माझी चूक सापडली असती तर नाचले असते. रात्री डोळे पुसत होते."

"त्यांना वाटतंय तुम्हाला कॅन्सर आहे आणि मी लपवतेय."

"तुम्ही सांगितलं नाहीत, तसं नाही म्हणून?"

"सांगितलं. पण दाखवलं नाही. तुम्हाला शब्द दिलाय मी."

टीचर चादरीची कड चिमटीत धरून बसल्या. त्यांना भीती वाटत होती आणि ती सरळ चेहऱ्यावर दिसत होती.

"ते अपेंडिक्स आहे का अजून?" टीचरनी शेवटी विचारलं.

"आहे. बाटलीत ठेवलंय."

"आणा. आणि तुम्ही इथेच थांबा. मला एकटीला जमायचं नाही."

चष्मेवाला औषधांची पिशवी घेऊन आत आला तेव्हा बाटली टीचरच्या मांडीवर होती. तो जागच्या जागी थिजला. मग पुढे येऊन त्यानं ती उचलली, आणि दुकानातल्या सवयीनं खिडकीच्या उजेडाकडे धरली.

"हे काय आहे?"

"अपेंडिक्स," टीचर म्हणाल्या.

"कोणाचं?"

"माझं."

"तुझं कसं असेल? तुझं तर..."

"तेव्हा अपेंडिक्स नव्हतं काढलं. उजवा अंडाशय काढला होता. गाठ होती. लग्नाआधी आईनं लपवलं आणि नंतर मी लपवलं. तुम्ही सगळ्यांसमोर दोष स्वतःवर घेतलात तेव्हाही लपवलं." टीचरनी वर्गात सांगावं तसं स्पष्ट सांगितलं.

चष्मेवाल्यानं बाटली हळूच खाली घेतली.

"म्हणजे कॅन्सर नाही?" त्यानं विचारलं.

"नाही हो."

तो मट्‌कन स्टुलावर बसला आणि मुलासारखा रडला. सर्जनबाईंना वाटलं, झालं, सुटलं सगळं. पण रडं थांबल्यावर त्यानं डोळे पुसले, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलेलं त्यांना दिसलं.

"डॉक्टर, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं असतं तर?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "तर त्याच दिवशी सी. टी. केला असता. एक रात्र वाया गेली नसती. आणि चूक माझीही आहे. मी तुमच्या समोर विचारलं."

"विचारलंत तिला. उत्तर दिलं मी." तो बायकोकडे वळला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी इथे उशाशी उभा होतो म्हणून तू मरत होतीस?"

टीचरनी मान खाली घातली. मग तशीच, खाली बघतच, हलवली. हो.

"अगं, वाण्याच्या बिलातली चूक सोडत नाहीस तू," तो म्हणाला. "परक्या लोकांच्या पत्रिका तपासतेस. माझं उत्तर चुकलं होतं. तीस वर्षं चुकलेलं होतं. माझंच तेवढं का सोडलंस?"

टीचरनी हात पुढे केला आणि त्याच्या शर्टाचं बटण धरलं, लहान मूल धरतं तसं. त्यानं तो हात झटकला नाही, पण हातात घेतलाही नाही. बाटली त्यानं टेबलावर, औषधांच्या शेजारी, नीट उभी ठेवली.

सर्जनबाई दाराकडे निघाल्या तेव्हा त्यानं मागून हाक मारली.

"डॉक्टर, तो चष्मा द्या."

त्यानं खिशातून बारीक पेचकस काढला. चष्मा गुडघ्यावर ठेवून तो स्क्रू बसवायला लागला, पण हात इतके थरथरत होते की पेचकस खाचेत लागेना. एकदा सटकला, दोनदा सटकला. मग टीचर सलाइनची नळी सांभाळत पुढे वाकल्या आणि त्यांनी ती फ्रेम दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

"डावीकडे फिरवताय," त्या म्हणाल्या. "उजवीकडे फिरवा."